आधी पान माश्यांचं

माझ्या सासूबाई, दोन्या दोमितिला, म्हणजे आमच्याकडच्या बोलीत दोमितिलाबाई, दुकानातल्या साखरेला खडूचा चुरा म्हणायच्या. त्यांच्या जागी त्यांचं बरोबरच होतं. घरामागच्या उतारावर उसाचा मळा, मळ्याच्या कडेला गुऱ्हाळ, आणि गुऱ्हाळात चरकाभोवती गोल गोल फिरणारं रेयना नावाचं खेचर. ज्या घरात आठवड्याला चाळीस ढेपा गूळ निघतो, त्या घरातल्या सुनेनं गावातून साखरेचा पुडा आणायचा, आणि तोही पाखरांसाठी, हे त्यांना पंचवीस वर्षांत पटलं नाही.

पाखरं म्हणजे किंदे. बाहेरचे लोक हमिंगबर्ड म्हणतात. फुलासमोर हवेत उभं राहून मध पिणारं, अंगठ्याएवढं, आणि स्वतःला गरुड समजणारं. आमच्या धुक्याच्या खोऱ्यात किंद्यांना तोटा नाही. डोंगरात फुलं आहेत तोवर ती कुणाच्या दारात येत नाहीत, पण दारात काही गोड टांगलं तर नाहीही म्हणत नाहीत.

माझं लग्न झालं त्याच वर्षी एक परदेशी बाई तीन महिने आमच्या माडीवर राहिली होती. ती पाखरं मोजायची. मी तिचा स्वयंपाक करायचे, कपडे धुवायचे. जाताना तिनं मला लाल बुडाच्या तीन बाटल्या दिल्या. बुडाला फुलासारखी भोकं, त्यातून पाखरांनी प्यायचं. सोबत एका कागदावर चित्रं काढून दिली. एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. मधाच्या बरणीवर मोठी फुली. गुळाच्या ढेपेवर त्याहून मोठी फुली. मी शाळेत चौथीपर्यंत गेले. पुढचं शिक्षण त्या कागदावर झालं.

कागदावर नव्हतं ते चुका करून शिकले. पहिल्या वर्षी मुंग्यांनी पिडलं. आमच्याकडे मुंगीवर उपाय एकच, डुकराची चरबी. मांस टांगायच्या दोरीला फासतात, तशी मी बाटल्यांच्या तारांना फासली. मुंग्या थांबल्या. पण दुपारच्या उन्हात चरबी वितळून खाली ओघळली आणि एक हिरवं किंदे तिला पंख लावून बसलं. ते जमिनीवर पडलं तेव्हा मला वाटलं पान गळलं. अर्धा दिवस मी त्याला मक्याच्या पिठात घोळवत होते, कोमट पाण्याचा बोळा फिरवत होते, आणि ते माझ्याकडे असं बघत होतं की चूक तर चूक, वर ही बाई हातही लावते. संध्याकाळी उडालं. दुसऱ्या दिवशी मी दह्याच्या डब्याच्या बुडाला भोक पाडून त्यातून तार ओवली, भोक मेणानं बुजवलं, डब्यात पाणी भरलं आणि बाटली त्याखाली टांगली. मुंगीला पोहता येत नाही. ती युक्ती आजही तीच आहे, फक्त डब्यावरचं दहीवाल्याचं नाव बदललं.

दुसऱ्या वर्षीची चूक सासूबाईंची. मी बहिणीच्या लेकीच्या बारशाला माहेरी गेले होते. चार दिवसांनी आले तर बाटल्यांत काळपट पाणी, भोकांत काळे धागे, आणि पडवीभर आंबलेल्या रसाचा वास. पाखरू एक नाही. त्यांनी गुळाचं पाणी भरलं होतं. मी विचारलं तर शांतपणे म्हणाल्या, "पाहुण्याला घरचं सोडून दुकानातलं वाढायचं? आमच्यात अशी पद्धत नाही."

मी म्हटलं, त्यानं ती आजारी पडतात.

"माझ्या गुळानं आजवर कुणी आजारी पडलं नाही. तुझी पाखरंच नाजूक."

त्या दिवसापासून घरात हद्द आखली गेली. पडवी आणि पाखरं माझी. गुऱ्हाळ त्यांचं. मी त्यांच्या काहिलीत डोकावायचं नाही, त्यांनी माझ्या बाटल्यांना हात लावायचा नाही. नवरा, ओल्मेदो, दोन्हीकडे जेवायचा आणि कुठेच बोलायचा नाही.

आता आठवलं की वाटतं, सगळ्यात चांगले दिवस तेच होते. मंगळवारी आणि शुक्रवारी गाळप. पहाटे चिपाडांचा जाळ लागला की धूर धुक्यात मिसळून घरापर्यंत यायचा, आणि कुठला धूर, कुठलं धुकं, हे फक्त वासावरून कळायचं. रेयना फिरायची, चरक करकरायचा, हिरवा रस पन्हळीतून काहिलीत पडायचा. शेजारपाजारचे लोक हातात पेला घेऊन सहज आल्यासारखे यायचे. सासूबाई काहिलीपाशी उभ्या, डोक्याला फडकं, हातात लांब दांड्याचा तुंब्याचा झारा. तो तुंबा त्यांच्या आईचा होता म्हणे. त्याला भोकं पाडलेली. रस तापला की वर काळपट हिरवी मळी येते. ती नेमकी येताना काढायची. आधी काढली तर अर्धी खालीच राहते, उशीर झाला तर उकळीत विरघळून गूळ काळा पडतो. त्या झारा असा फिरवायच्या की मळी आपणहून चढून बसायची. तेव्हा त्यांचा चेहरा देवळात बसल्यासारखा असायचा. खरं तर देवळात त्यांना झोप यायची.

मळी बादलीत, आणि बादली डुकरांच्या डोणीत. ही डोणी म्हणजे कोरलेला ओंडका, गुऱ्हाळाच्या खाली, घरापासून शंभर-सव्वाशे पावलांवर. डुकरं प्यायची ती प्यायची, उरलेल्यावर मधमाश्या आणि गांधीलमाश्या बसायच्या. इतक्या, की डोणीवर कुणी काळं घोंगडं टाकलंय आणि ते श्वास घेतंय असं वाटायचं. मला त्या डोणीची शिसारी होती. वास, घोंघाट, चिखल. मी ओल्मेदोला वर्षातून दोनदा सांगायचे की हे इथून काढ. तो वर्षातून दोनदा मान हलवायचा.

माझ्या बाटल्यांवर मात्र कधी माशी बसली नाही. दिवसाआड पाक बदलायचा, गरम पाणी आणि थोडं व्हिनेगर घालून बाटली खळखळायची, साबण नाही, भोकांना जुना दात घासायचा ब्रश. याचं फळ मिळतंय असं मी समजायचे. गावात दुसऱ्या बायकांनीही बाटल्या टांगल्या होत्या, त्यांच्याकडे माश्यांचा त्रास होता. त्या माझ्याकडे विचारायला यायच्या. मी गवती चहा करून द्यायचे आणि स्वच्छतेवर बोलायचे. बराच वेळ बोलायचे.

मग एका वर्षी रेयना मेली. झोपली ती उठली नाही. ओल्मेदोच्या कमरेनंही त्याच सुमाराला दगा दिला. दुसरं खेचर घ्यायचं की ऊस काढायचा यात दोन महिने गेले, आणि मग उसाच्या जागी गवत लावलं गेलं, गायींसाठी. बांधाला उसाच्या दोन-तीन ओळी उरल्या. सासूबाईंनी झारा गुऱ्हाळातल्या खिळ्याला टांगला, दाराला दोरी बांधली आणि माझ्या पडवीत येऊन बसल्या. त्या तिथे पहिल्यांदाच बसत होत्या. त्यांचं वय एकोणऐंशी.

डुकरंही विकली. आणि मी, हाताला सवड मिळाली म्हणून, आवराआवर काढली. डोणी फोडून घेतली. ओल्मेदो कुऱ्हाड चालवत होता तेव्हा सासूबाई काठी टेकत तिथवर आल्या, बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "मग आता माश्या कुठं जेवणार?"

मी म्हटलं, आपापल्या घरी.

त्या काठी टेकत परत फिरल्या. ते लाकूड आठवडाभर चुलीत जळलं. घराला गुळाचा वास सुटला. आठही दिवस सासूबाई चुलीजवळून हलल्या नाहीत.

पहिले काही महिने बरे गेले. पडवीत बसून बसून त्यांना पाखरांची चटक लागली. आधी दोष काढायच्या. हा भांडखोर, ही चोर, तो निळा स्वतःला बिशप समजतो. मग त्यात एक त्यांचा झाला. इवलासा हिरवा, पायांत पांढरे कापसाचे मोजे, आणि शेपटीच्या दोन लांब काड्यांच्या टोकांना निळ्या टिकल्या. हा मोजेवाला सगळ्यांचा मार खायचा, कडेच्या बाटलीवर टपून बसायचा आणि मोठे दोघं भांडत असताना मधल्यामध्ये पिऊन जायचा. सासूबाईंना ते भारी आवडायचं. सकाळी कॉफीचा पेला घेऊन त्या त्याची वाट बघायच्या. आला की मला हाक मारून सांगायच्या, "आले साहेब." उशीर झाला तर कॉफी गार व्हायची, पण पेल्याला ओठ लागायचे नाहीत.

पहिल्या उन्हाळ्यात माश्या आल्या, थोड्या. दुसऱ्या उन्हाळ्यात आल्या त्या मोजता येईनात. पाऊस थांबला, फुलं सुकली, आणि एका सकाळी तिन्ही बाटल्यांची लाल बुडं दिसेनाशी झाली. ते श्वास घेणारं घोंगडं आता माझ्या पडवीत होतं. किंदे यायचं, हवेत उभं राहायचं, एक माशी अंगावर आली की मागच्या मागे निघून जायचं. चार दिवसांत ती यायचीच थांबली. मोजेवाला शेवटपर्यंत येत होता. कडेच्या कुंपणावर बसून बघायचा, आणि मग तोही दिसेना.

मी काय केलं नाही ते विचारा. पाक पातळ केला, एकास पाच. बाटल्या सावलीत हलवल्या, कारण उन्हात आतली हवा फुगते आणि पाक ठिबकतो, आणि एका थेंबाची बातमी माश्यांना कोसभर लागते. रोज जागा बदलली. माश्या तासाभरात पत्ता शोधायच्या. तारेला पुदिना बांधला, लिंबाच्या साली लटकवल्या, खालून लाकडाचा धूर केला. धुरानं मीच रडले. ज्या बायकांना मी स्वच्छतेवर ऐकवलं होतं त्या आता सहज म्हणून यायच्या, बाटल्यांकडे बघायच्या, आणि सल्ला मागायच्या नाहीत. चहा मात्र मागून घ्यायच्या.

त्यात एक माशी सासूबाईंच्या पापणीला चावली. डोळा पिकल्या पेरूसारखा सुजला. सुजल्या डोळ्यानं त्यांनी मुलीला, राजधानीत कितोला राहणाऱ्या फॅनीला, फोन लावायला लावला आणि माझ्यासमोरच सांगितलं, मला घेऊन जा. इथं आता बघण्यासारखं काही नाही. मळा नाही, गुऱ्हाळ नाही, पाखरं होती तीही गेली. फॅनी कधीपासून बोलावतच होती. तिचा दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा संसार, खाली बसगाड्यांचा रस्ता. ती म्हणाली, गावच्या कार्मेन मातेच्या सणाला शनिवारी येते आणि घेऊन जाते.

सणाला बारा दिवस होते.

गावातल्या बायका म्हणाल्या, सुटलीस. मलाही आधी तेच वाटलं. पंचवीस वर्षं ज्या बाईनं माझ्या साखरेला खडूचा चुरा म्हटलं, ती जाणार. दोन दिवस मी मोकळी झाल्यासारखी घरात फिरले. तिसऱ्या दिवशी सकाळी कॉफी गाळताना दोन पेले काढले, आणि पुढच्या पंधरवड्यात एकच काढावा लागेल हे लक्षात आल्यावर गाळणी हातात तशीच राहिली. दुसऱ्या मजल्यावर त्या काय करणार, कुणाला नावं ठेवणार? फॅनीला उलट बोलायची सवय नाही. त्या मरून जातील, असं मला एकदम स्पष्ट दिसलं. आणि त्यांना थांबा म्हणण्याइतकं आमच्यात कधी झालंच नव्हतं. मला एवढंच येत होतं की पाखरं परत आणायची. ती आली तर त्या थांबतील, नाहीतर नाही.

सणाआधी आठ दिवस त्यांनी सामान बांधायला घेतलं आणि मला म्हणाल्या, गुऱ्हाळातला झारा आणून दे, सोबत नेते. मी म्हटलं, कितोत झारा कशाला?

"भिंतीवर लावीन. तुझ्यासारखी पोटमाळ्यावर नाही टाकणार."

मी दोरी सोडून गुऱ्हाळात गेले. आत जळमटं, थंड राख, आणि अजूनही वास. झाऱ्याच्या भोकांत जुन्या मळीचा थर वाळून दगड झाला होता. असा कसा न्यायचा कितोला, म्हणून मी तो परसातल्या नळाखाली घमेल्यात गरम पाण्यात भिजत घातला आणि जेवणाचं बघायला आत गेले.

तासाभरानं बाहेर आले तर घमेलं काळं झालं होतं. काठावर, पाण्यात, तुंब्यावर, सगळीकडे माश्या. मी मागे सरले, आणि तेवढ्यात पडवीतून तो आवाज आला, सुताची रीळ कुणी झपकन सोडावी तसा. वर बघितलं. कडेच्या बाटलीचं बूड लाल दिसत होतं, दोन-चार माश्या सोडल्या तर रिकामं. आणि त्याच्यासमोर मोजेवाला हवेत उभा राहून घटाघट पीत होता.

मी तिथेच पायरीवर बसले. डोणी आठवली. वीस वर्षं माझी स्वच्छता म्हणून मी ज्याची शेखी मिरवली, ती सगळी त्या डोणीची करामत होती. माश्यांचं पान तिकडे वाढलेलं होतं म्हणून त्या माझ्या दारात येत नव्हत्या. आणि ते पान मी कुऱ्हाडीनं फोडून चुलीत घातलं होतं.

सासूबाई आत पेटीत कपडे भरत होत्या. मी दारात उभी राहून सांगितलं. त्यांनी घडी घातलेला झगा उलगडून पुन्हा घडी घातली.

"मी सांगितलं होतं तुला," त्या म्हणाल्या.

"तुम्ही टोमणा मारला होता, दोन्या दोमितिला."

"टोमण्यात सांगितलं म्हणून खोटं होतं का?"

मी म्हटलं, बांधावरच्या उसाचं गाळप करते, मळी काढते. त्या म्हणाल्या, कर. आणि पुन्हा घडी घातली.

दुसऱ्या दिवशी ओल्मेदोनं ऊस तोडला. चरक फिरवायला खेचर नव्हतं, म्हणून ओल्मेदोच्या चुलतभावाच्या मुलाला, वेलिंग्टनला, बोलावलं. हा वेलिंग्टन पाहुण्यांना डोंगरात नेऊन पाखरं दाखवतो आणि पक्ष्यांचं इतकं जाणतो की बोलताना आवाज खाली आणतो, कुणी उडून जाईल म्हणून. गळ्यात दुर्बीण तशीच ठेवून त्यानं आडव्या दांड्याला खांदा लावला आणि रेयनाच्या वाटेनं गोल फिरायला लागला. सासूबाई पडवीतून बघत होत्या. तिसऱ्या फेऱ्याला त्यांचा आवाज आला, "रेयना कान हलवायची. हा नुसताच चालतो."

काहिलीत रस तापला. मी तुंब्याचा झारा घेऊन उभी राहिले. पंचवीस वर्षं लांबून पाहिलेलं, येईल असं वाटलं होतं. मळी वर आली, मी झारा घातला, ती फुटून चारी बाजूंना पळाली. पुन्हा घातला, निम्मा रसच बादलीत आला. वाफ डोळ्यांत, दांडा गरम, खाली जाळ वाढलेला. मागून काठीचा आवाज आला. सासूबाई दाराशी उभ्या होत्या, डोक्याला फडकं बांधून.

"मळी काढतेस की कपडे धुतेस?"

मी झारा त्यांच्याकडे दिला. त्यांनी काठी माझ्याकडे दिली. झारा काहिलीच्या काठानं असा फिरला की मळी सरकत आली आणि चढून बसली. सुजलेला डोळा अजून अर्धा मिटलेला होता, पण चेहरा तोच, देवळातला. मी जाळ सांभाळला. चिपाड किती सारायचं ते त्या हनुवटीनं सांगत होत्या.

मळी जुन्या घमेल्यात भरून मी पहिल्या दिवशी ते पडवीजवळच ठेवलं, बाटल्यांपासून चार पावलांवर. माश्यांना आधी पत्ता कळायला हवा. मग रोज सकाळी उजाडायच्या आत, माश्या यायच्या आधी, घमेलं वीस पावलं खाली. मध्ये एकदा सासूबाईंनीच पुन्हा गाळप लावून मळी ताजी केली. सासूबाई पडवीतून पावलं मोजायच्या आणि मी दोन जास्त टाकली की ओरडायच्या. सणाच्या आदल्या दिवशी घमेलं डोणीच्या जागी पोचलं होतं. तिथे घोंगडं श्वास घेत होतं. वर पडवीत तीन बाटल्यांवर सात किंदे भांडत होती आणि कडेला मोजेवाला टपून होता.

त्याच संध्याकाळी वेलिंग्टन स्वयंपाकघरात आला. मी सणासाठी उमिता करत होते, मक्याच्या पानात गुंडाळलेली वाटलेल्या कणसाची उकड. तो एक सोलत म्हणाला, "काकू, एक सांगू का? एवढं गाळप वगैरे कशाला? ताटलीत दाट साखरेचा पाक करून लांब ठेवला की पुरतं. एकास एक. माश्या जास्त गोडाकडे जातात. सगळीकडे असंच करतात."

मी म्हटलं, मग आधी का नाही बोललास?

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही तर सगळ्यांना शिकवता."

हे खरं होतं. मी त्याला म्हटलं, आता हे कुणाला सांगू नकोस. त्याला कळलं नाही, पण उमिता तोंडात होता म्हणून त्यानं मान हलवली.

शनिवारी मातेची मिरवणूक झाली, बँड झाला, फॅनी भाड्याची गाडी घेऊन आली. पेटी पडवीत आणून ठेवलेली, वर घडी केलेली शाल. सासूबाई खुर्चीत बसून कॉफी पीत होत्या. फॅनी म्हणाली, आई, धुकं उतरायच्या आत निघू.

"मळी तीन-चार दिवस टिकते," सासूबाई बाटल्यांकडे बघत म्हणाल्या. "मग आंबते. आंबली की माश्या पुन्हा वर येणार."

फॅनी म्हणाली, मग वहिनी बघेल की.

"ही?" त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ही कपडे धुते काहिलीत."

फॅनीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली आणि म्हटलं, मला नाही जमत, वन्सं. खरंच नाही जमत.

दाराशी उभ्या वेलिंग्टनला राहवलं नाही. "पण आजी, साखरेचा..." एवढंच तो बोलला, कारण ताटलीतला एक गरम उमिता मी त्याच्या हातात दिला, आणि देताना त्याच्या पायावर जरा पाय पडला. तो उमिता हातातल्या हातात उडवत अंगणात गेला.

सासूबाईंनी कॉफी संपवली. "पुढच्या महिन्यात बघू," त्या फॅनीला म्हणाल्या. "हिला एकदा नीट शिकवते, मग येते." फॅनी रडली थोडी, हसली थोडी, आणि उमित्यांचा डबा घेऊन एकटीच परत गेली. पेटी आठवडाभर पडवीत पडून राहिली. मग मी तिच्यावर बाटल्या धुवायचं घमेलं ठेवायला लागले.

त्या पाच वर्षं शिकवत होत्या मला. ओल्मेदोनं बांधावर उसाच्या आणखी चार ओळी लावल्या, माश्यांसाठी. मंगळवारी आणि शुक्रवारी लहान काहील. पावसाळ्यात फुलं असतात, तेव्हा सुट्टी. गूळ निघायचा तो दोन-तीन ढेपा, घरापुरता, शेजारचे लोक पुन्हा सहज म्हणून पेले घेऊन यायला लागले. वेलिंग्टन पाहुण्यांना घेऊन यायचा आणि त्यांना चरकाला जुंपायचा. परदेशी माणसं हसत हसत गोल फिरायची. सासूबाई प्रत्येकाची रेयनाशी तुलना करायच्या. कुणीच तिच्या जवळपास आलं नाही.

शेवटच्या वर्षी त्या बऱ्याचदा आजारी असायच्या. तेव्हा मी ताटलीत साखरेचा दाट पाक करून, पदराआड लपवावा तसा ॲप्रनखाली घेऊन, डोणीच्या जागी ठेवून यायचे. वाटायचं, कळणार नाही. एका दुपारी त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. खिडकीतून कडेची बाटली दिसायची. मी सूप भरवत होते.

"मी पडून असते तेव्हा तू माश्यांना साखर देतेस ना?"

मी चमचा वाडग्यात ठेवला. मी म्हटलं, हो.

"माश्या काही म्हणाल्या?"

"नाही."

"मीही नाही म्हटलं," त्या म्हणाल्या, आणि तोंड उघडलं, पुढच्या चमच्यासाठी.

कधीपासून माहीत होतं ते मी विचारलं नाही. त्या शनिवारीच माहीत होतं की काय, तेही नाही.

त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली. ताटलीतल्या साखरेनं भागतं, हे मला माहीत आहे, ओल्मेदोला माहीत आहे, गावातल्या बायकांनाही मीच सांगितलं, आणि यावेळी थोडक्यात सांगितलं. तरी मंगळवारी मी जाळ घालते. पन्हळीतून रस पडतो, धूर धुक्यात शिरतो, आणि मी तो तुंब्याचा झारा घेऊन उभी राहते. मळी अजूनही फुटून चारी बाजूंना पळते. निम्मा रस बादलीत येतो. माश्यांची तक्रार नाही.

घमेलं खाली ठेवून वर येते तेव्हा कॉफी गार झालेली असते. दोन पेले काढते, सवय आहे. मोजेवाला आता तोच नसणार, एवढं जगत नाहीत ते. त्याचा मुलगा असेल, नातू असेल. तोही कडेलाच टपून असतो. मोठे भांडायला लागले की येतो. मग मी खुर्चीकडे तोंड करून, कुणी ऐकत नाही हे बघून, सांगते, "आले साहेब."